अल्बममधली फियाट आणि सोलापूरचा वालचंद

घरात जुना अल्बम असेलच. काळ्या पुठ्ठ्याची पानं, मध्ये तो खरखरीत पातळ कागद, कोपऱ्यांवर चिकटवलेले त्रिकोण. आज संध्याकाळी तो बाहेर काढा. आजोबांच्या लग्नाची वरात, मुंबईला गेलेल्या मामानं गेटवेसमोर काढून घेतलेला फोटो, औंढ्याच्या दर्शनाला आलेले पाहुणे. यातल्या एखाद्या फोटोत, कडेला, अर्धी कापलेली का होईना, एक गाडी सापडेल. माणसांची नावं आजी पटापट सांगेल. गाडीचं नाव विचारलंत तर उत्तर येईल, ‘फियाट होती बहुतेक’.

हे ‘बहुतेक’ काढून टाकता येतं बरं का! जगभरात हा छंद असलेली मंडळी आहेत. एक धूसर कृष्णधवल फोटो, त्यात चिखलानं माखलेली इटालियन शर्यतीची गाडी. तेवढ्यावरून ही मंडळी गाडीची कंपनी, मॉडेल, वर्ष, शर्यत आणि कधी कधी चालवणाराही शोधून काढतात. आपल्याकडच्या अल्बममध्ये फेरारी किंवा अल्फा रोमिओ सापडणं अवघड. पण एक अस्सल इटालियन वंशाची गाडी मात्र मराठवाड्यातल्या अल्बममध्येही हमखास भेटते. ती मुंबईत कुर्ल्याला तयार व्हायची आणि तिच्यामागे एक सोलापूरचा माणूस होता. फोटोत तो कुठेच दिसत नाही. वालचंद हिराचंद. आज त्यांची गोष्ट, आणि सोबत गाडी ओळखायच्या पाच युक्त्या.

सावकारी सोडून रुळांकडे

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. मूळचं गुजरातकडचं, पण सोलापुरात रुजलेलं दिगंबर जैन दोशी कुटुंब. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. वडील हिराचंद नेमचंद यांचं गावात नाव होतं. वालचंद तान्हे असतानाच आई गेली. शाळा सोलापुरात झाली, कॉलेज मुंबईच्या सेंट झेवियर्सला आणि पुण्याच्या डेक्कनला. पदवी मात्र पुरी झाली नाही.

घरच्या गादीवर बसून व्याज मोजत आयुष्य गेलं असतं आणि त्याला कुणी नावंही ठेवली नसती. पण त्यांचं मन तिथं रमलं नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले. फाटकांना रेल्वेच्या कामाची खडान्खडा माहिती, वालचंदांकडे भांडवल उभं करायची ताकद. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. विसाव्या शतकाची नुकती कुठे सुरुवात झाली होती आणि वालचंद विशीत होते. थोडक्यात, आज तुम्ही आहात साधारण त्याच वयाचे.

पुढे ठेके वाढत गेले. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईला तानसाचं पाणी आणणारी जलवाहिनी. मुंबई-पुणे प्रवासात गाडी बोगद्यात शिरते आणि मोबाइलची रेंज जाते, तेव्हा या माणसाची आठवण काढायला हरकत नाही. १९२६ मध्ये उभी राहिलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी ही त्यांचीच.

एका जुन्या जहाजाची उडी

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा भारताचा समुद्री व्यापार जवळपास सगळा ब्रिटिश कंपन्यांच्या ताब्यात होता. माल आपला, बंदर आपलं, जहाज मात्र त्यांचं आणि भाडंही ते म्हणतील ते. १९१९ मध्ये वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडचं एक जुनं जहाज विकत घेतलं. युद्धात ते रुग्णालयाचं जहाज म्हणून वापरलेलं होतं. नाव ‘लॉयल्टी’. शिंद्यांचं जहाज म्हणून कंपनीचं नाव पडलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं. ५ एप्रिल हा दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो, तो यामुळेच.

आता खरं सांगायचं तर ‘लॉयल्टी’ काही फायद्याचं निघालं नाही. जहाज म्हातारं होतं, चार वर्षांत भंगारात गेलं. वर ब्रिटिश कंपन्यांनी मालभाडं एवढं खाली पाडलं की नव्या कंपनीनं दमच तोडावा. सिंदियाला त्यांच्याशी करार करावा लागला, आपला धंदा वाढवण्यावर मर्यादा मान्य कराव्या लागल्या. पण कंपनी बुडाली नाही. वालचंद यांच्या आयुष्यात हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. मोठी उडी, मग अडवणूक, मग जमेल तेवढी तडजोड आणि लगेच पुढच्या उडीची तयारी.

मधल्या काळात मालेगावजवळचं रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर उभं राहिलं. खडकाळ माळावर ऊस, शेजारी साखर कारखाना आणि भोवती वसाहत. रावळगावच्या गोळ्या तुमच्या आई-बाबांनी चघळलेल्या आहेत. विचारून बघा.

जहाज, विमान, मोटार

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं. त्या सुमारास वालचंद अमेरिकेत होते, मोटारीच्या कारखान्यासाठी. ही कल्पना त्यांच्या एकट्याची नव्हती. भारतात मोटार बनावी म्हणून सर विश्वेश्वरय्यांनी आधीपासून योजना आखली होती आणि मुंबई प्रांताचं काँग्रेसचं मंत्रिमंडळही तिला अनुकूल होतं. वालचंदांनी फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. क्रायस्लर कंपनीशी मात्र जमलं.

याच दौऱ्यात, परतीच्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानं तयार करण्याच्या उद्योगात होता. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाच्या कारखान्याचं स्वप्न घेऊन आला. २३ डिसेंबर १९४० ला म्हैसूर संस्थानच्या मदतीनं बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी तिथं जोडलेलं पहिलं विमान आकाशात गेलं. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली, राजेंद्रप्रसादांच्या हस्ते.

म्हणजे दोन वर्षांत एका माणसानं जहाज, विमान आणि मोटार अशा तिन्ही आघाड्या उघडल्या. आणि त्यांचं झालं काय? विमानांचा कारखाना १९४२ मध्ये सरकारनं ताब्यात घेतला. युद्ध दाराशी आलं होतं, सरकारला तो हवाच होता. वालचंदांना मोबदला मिळाला, कारखाना गेला. आज आपण ज्याला एचएएल म्हणतो, नाशिकजवळ ओझरला जिथं लढाऊ विमानं तयार होतात, त्या संस्थेचं मूळ हेच. विशाखापट्टणमवर एप्रिल १९४२ मध्ये जपानी बॉम्ब पडले आणि काम रखडलं. तिथलं पहिलं जहाज ‘जलउषा’ पाण्यात उतरायला १४ मार्च १९४८ उजाडला. तोवर देश स्वतंत्र झाला होता आणि जहाजाचं जलावतरण पंतप्रधान नेहरूंनी केलं. पुढे तो कारखानाही सरकारकडे गेला.

मोटारीला तर सरकारनं उभंच केलं नाही. युद्धासाठी ट्रक हवे होते, ते परदेशातून येत होते. पण इथं कारखाना काढायला पाठिंबा द्यायची तयारी नव्हती. वालचंद थांबले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदवली, कुर्ल्याला कारखाना बांधायला घेतला आणि १९४७ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डी सोटो. ट्रकमध्ये डॉज आणि फार्गो. सुरुवातीला सुटे भाग अमेरिकेतून यायचे आणि इथं जोडले जायचे. खरी मोटार घडवण्यापासून हे अजून लांब होतं, हे वालचंदही जाणून होते.

इटालियन पाहुणी

अमेरिकी गाड्या लांबरुंद, पेट्रोल पिणाऱ्या. सामान्य माणसाच्या खिशाचा विचार करता लहान गाडी हवी. म्हणून प्रीमियरनं इटलीच्या तोरिनो शहरातल्या फियाट कंपनीशी हातमिळवणी केली. १९५१ च्या सुमारास फियाट ५०० कुर्ल्याला जोडली जाऊ लागली. इटलीत हिचं लाडकं नाव ‘तोपोलिनो’, म्हणजे उंदराचं पिल्लू. मिकी माऊसलाही इटालियनमध्ये तोपोलिनोच म्हणतात. पुढे दोन माणसं बसली की संपलं, एवढीशी गाडी.

आणि मग आली फियाट ११००. तिची कूळकथा ऐकण्यासारखी आहे. दान्ते जाकोसा नावाचा एक इंजिनिअर. तोपोलिनो त्याचीच आणि १९३७ ची ५०८ सी ही गाडीही त्याचीच. या ५०८ सी मध्ये चार सिलिंडरचं, १,०८९ सीसीचं एक साधं, दणकट इंजिन होतं. एंझो फेरारी हे नाव तुम्हाला माहीत आहे. अल्फा रोमिओ सोडल्यावर काही काळ स्वतःच्या नावानं गाडी काढायची नाही, असं त्याच्यावर बंधन होतं. तेव्हा मोदेना गावात त्यानं आपली पहिली स्वतंत्र गाडी केली, तिला नाव दिलं ‘८१५’. आठ सिलिंडर, दीड लिटर. तिच्यात ५०८ सी चे बरेच भाग होते. चार सिलिंडरची दोन हेड एकापुढे एक ठेवून आठ सिलिंडरचं इंजिन! अशा दोन गाड्या १९४० च्या ब्रेशियाच्या शर्यतीत उतरल्या. एक चालवत होता २१ वर्षांचा अल्बेर्तो आस्कारी, पुढचा जगज्जेता. दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत.

युद्धानंतर तोरिनोत ‘चिसितालिया २०२’ नावाची एक देखणी स्पोर्ट्स कार झाली. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं ती शिल्पासारखी मांडली. तिच्या आतलं इंजिनही फियाट ११०० च्याच घराण्यातलं. आणि हाच १,०८९ सीसीचा वारसा पुढे कुर्ल्याच्या पद्मिनीपर्यंत चालत आला. म्हणजे फेरारीची पहिली गाडी आणि तुमच्या मामाची टॅक्सी, लांबचे का होईना, भाऊबंद निघाले.

चला, आता ओळखा

आता अल्बमकडे वळा. मोबाइलनं फोटो काढून मोठा करा आणि क्रमानं बघा.

पहिली गोष्ट, दारं. पुढच्या दाराची मूठ कुठल्या बाजूला आहे? १९५४ पासून इथं आलेल्या सुरुवातीच्या फियाट ११०० ची पुढची दारं उलटी उघडायची, म्हणजे बिजागरी मागे आणि मूठ पुढे. पाठ गोलमटोल, पुढचं तोंड फुगीर. हीच ती ‘डुक्कर फियाट’. नाव लोकांनी ठेवलेलं, त्यात राग कमी आणि माया जास्त.

दुसरी, शेपटी. मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर छोटे पंख उठलेले दिसतात का? समोर रुंद आयताकृती जाळी आणि दोन टोकांना दोन गोल दिवे आहेत का? दारं सरळ उघडणारी आहेत का? मग ती १९६४ नंतरची ‘डिलाइट’ किंवा तिची पुढची बहीण. बिर्लांची अँबेसेडर शेजारी उभी असेल तर घोळ व्हायला नको. अँबेसेडर अंगानं गोल, फियाट पेटीसारखी चौकोनी.

तिसरी, नाव. डिलाइट आणि पद्मिनी यांचं अंग जवळपास एकच. पुढच्या बिल्ल्यावर ‘फियाट’ वाचता आलं तर गाडी आधीची. ‘प्रीमियर’ असेल तर १९७० च्या दशकातली किंवा नंतरची, कारण तेव्हा फियाटशी असलेला परवान्याचा करार संपला. चित्तोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’ हे नाव पडलं ते १९७४ मध्ये.

चौथी, पाटी. नंबर ‘बीएम’नं सुरू होत असेल तर नोंदणी मुंबई राज्याच्या काळातली. ‘एमएच’ आणि पुढे दोन आकडे ही पद्धत १९८९ ची. ‘एमएच ३८’ दिसलं तर फोटो १ मे १९९९ नंतरचा, कारण त्या दिवशी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आधी ३८ नव्हताच.

पाचवी, रंग. हो, कृष्णधवल फोटोतही! अंग गडद आणि टप फिक्का असेल तर ती मुंबईची काळी-पिवळी असण्याची शक्यता मोठी.

इथं थोडं सावध राहायचं. गाडीवरून फोटो कोणत्या वर्षाच्या आधीचा नाही, एवढंच कळतं. नेमकं वर्ष कळत नाही. १९५६ ची डुक्कर फियाट १९७२ च्या लग्नातही धावलेली असू शकते, तिसऱ्या मालकाकडे. स्टिअरिंग डावीकडे दिसलं तर गाडी परदेशी ठरवायच्या आधी पाटीवरची अक्षरं बघा. ती उलटी असतील तर निगेटिव्ह उलटी छापलीय. आणि जत्रेत पुठ्ठ्याच्या मोटारीमागे बसवून फोटो काढणारे फोटोवाले होते, हेही विसरू नका. चाकाखाली सावली नसेल तर गाडी रंगाऱ्यानं बनवलीय!

फोटोतली माणसं गाडीपुढे कशी उभी आहेत, हेही बघा. बॉनेटवर हात ठेवून, नव्या शर्टात, गंभीर चेहऱ्यानं. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या पिढीनं मोटार पाहिली ती साहेबाची, नवाबाची नाहीतर जहागीरदाराची. बॉनेटवर ठेवलेला तो हात भाड्याच्या टॅक्सीवर असला तरी त्याला अर्थ होता.

जी त्यांनी पाहिलीच नाही

वालचंदांचं काय झालं? १९४९ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली, धंदा भावांनी आणि सहकाऱ्यांनी पुढे नेला. मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटनं नवी ११०० जगासमोर आणली. पुढच्याच महिन्यात, ८ एप्रिल १९५३ ला, गुजरातमध्ये सिद्धपूरला वालचंद गेले. वय ७०. ज्या गाडीमुळे त्यांची कंपनी घराघरात पोचली, ती कुर्ल्यातून बाहेर पडली १९५४ मध्ये. त्यांनी ती पाहिली नाही.

त्याच सुमारास सरकारनं धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग जोडणाऱ्यांनी एकतर इथं गाडी घडवावी, नाहीतर जावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. प्रीमियर राहिली आणि एकेक भाग इथं तयार होऊ लागला. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. परवान्याच्या राज्यात स्पर्धा उरली नाही. फियाटसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली आणि जुनंच इंजिन, जुनंच अंग दशकानुदशकं तसंच विकलं गेलं. १९८० च्या दशकात मारुती आली आणि पद्मिनी बघता बघता म्हातारी दिसू लागली. गाडी आपल्या देशात बनली पाहिजे, हा वालचंदांचा हट्ट पुरा झाला. ती सतत सुधारत राहिली पाहिजे, हे काम मात्र मागे राहिलेल्यांकडून झालं नाही.

नव्या शतकाच्या तोंडावर पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला २० वर्षांचीच मुभा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता ती उरली हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये, सिनेमात आणि तुमच्या अल्बममध्ये.

सांगलीचं वालचंद कॉलेज, सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट, इंदापूरकडचं वालचंदनगर. तुमच्यापैकी काही जण बारावीनंतर यातल्या एखाद्या ठिकाणी प्रवेशाचा अर्ज भरतील. नावामागचा माणूस आता तुम्हाला माहीत झालाय. तेव्हा अल्बम घ्या, आजी-आजोबांच्या शेजारी बसा. गाडी तुम्ही ओळखा, माणसं त्यांना ओळखू द्या. आणि दोन्हींची नावं फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. पेनानं नको, शाई पुढच्या बाजूला उतरते.